काळ्या मातीतल्या घराभोवती फरसबंदी कोणती आणि कशी करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. मिरजेजवळ काळ्या रानात तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर घर बांधून होत आलंय. भोवती साधारण 1200 चौरस फूट जागा मोकळी आहे. पुढे एक चारचाकी उभी राहणार, बाजूला चार फुटांचा बोळ, मागे तुळस, धुणं-भांडी आणि संध्याकाळी बसायची जागा. आईचे गुडघे दुखतात. एका ठेकेदाराने सरसकट पेव्हर ब्लॉक सुचवलेत, दुसऱ्याने खाली काँक्रीट करून शहाबादी, आणि मेहुण्यांच्या मते पार्किंग टाइल दिसायला सगळ्यात भारी. मे महिन्यात वास्तुशांत आहे, त्याआधी सगळं उरकायचंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. पुढची बाजू आणि बोळ वाळूवर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकने आत्ता करून घ्या. जोत्याला लागून अडीच-तीन फुटांचा काँक्रीटचा पट्टा तोही आत्ताच. मागची शहाबादी मात्र एक पावसाळा जाऊ द्या आणि दिवाळीनंतर घाला. उघड्यावर पार्किंग टाइल नकोच. वास्तुशांतीला मागच्या अंगणात मुरूम चोपून, शेणाने सारवून घेतलंत तर पाहुण्यांपैकी कुणी नाक मुरडणार नाही, उलट रांगोळी जास्त खुलेल.

आता कारणं. तुम्ही दगड कोणता हे विचारलंय, पण नव्या घराभोवतीची फरशी बिघडते ती बहुतेक वेळा दगडामुळे नाही, खालच्या भरावामुळे. कॉलमचे खड्डे आणि पायाचे चर खणताना निघालेली माती पुन्हा त्यातच ढकललेली असते. सोबत सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, विटांचे तुकडे, सेंट्रिंगच्या फळ्यांचे कपटेही जातात. वरून पाणी मारलं की बसल्यासारखं दिसतं. पहिल्या दोन-चार मोठ्या पावसांत हा भराव खचतो आणि त्यावरची फरशी जोत्यापासून सुटून घराकडे झुकते. मग अंगणातलं सगळं पाणी पायाकडे. घरमालक म्हणतो शहाबादी खराब निघाली. शहाबादीचा बिचारीचा काहीच दोष नसतो.

खात्री करायला एक 12 एमएमची सळई घ्या आणि जोत्यापासून फूटभरावर हाताने दाबून पाहा. नुसत्या हाताच्या जोराने ती फूट-दीड फूट आत गेली तर भराव मोकळा आहे. घराच्या चारी बाजूंना, विशेषतः कोपऱ्यांच्या कॉलमजवळ आणि सेप्टिक टँकच्या कडेला असं करून बघा. जिथे सळई सहज जाते तिथला भराव काढून, कचरा वेचून, मुरूम घालून परत थरांत चोपायचा. कटकटीचं काम आहे, ठेकेदार कुरकुर करेल, पण हे झाल्याशिवाय वर एक रुपयाही टाकू नका.

तुमच्याकडे दुसरी भर म्हणजे काळी माती. ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून एवढी भेगाळते की हात आत जावा. कोकणात किंवा माळावरच्या मुरमाड जागेत जे चालून जातं ते इथे चालत नाही. काळ्या मातीवर थेट सोलिंग (दगडांचा थर) आणि त्यावर चार इंच काँक्रीट ओतलं, तर पहिल्याच वर्षी खालची माती मधे एक आणि कडेला दुसरं असं वागते. कडेची माती पाऊस पिते, मधली कोरडी राहते, आणि स्लॅबला तडा जातो. वरची शहाबादी त्याच रेषेत फुटते. म्हणून वाहनाच्या जागेखालची काळी माती फूट-दीड फूट काढून टाकायची. ती बागेला वापरा, झाडांना उत्तम असते.

त्या जागी मुरूम. मुरूमसुद्धा बघून घ्यायचा. ओलसर मुरूम मुठीत घट्ट दाबा. गोळा व्हायला हवा, पण मूठ उघडल्यावर तळहाताला चिखल लागता कामा नये. चिखल लागला तर त्यात माती जास्त आहे, म्हणजे काळी माती काढून तिची चुलत बहीण आणून घातल्यासारखं होईल. सहा-सहा इंचांचे थर टाका, पाणी शिंपडा आणि प्रत्येक थर रोलरने किंवा कॉम्पॅक्टरने बसवा. दीड फूट मुरूम एकदम ओतून वरून रोलर फिरवला तर वरचे चार-सहा इंच घट्ट होतात, खाली भुसभुशीत राहतं. पाणी शिंपडणं म्हणजे पाणी सोडणंही नव्हे. मुरूम ओलसर हवा, चिखल झाला की तो दोन दिवस वाळेपर्यंत हात लावू नका. काळी माती आणि मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं तर पावसाळ्यात खालची माती वर मुरमात शिरत नाही. गाडीच्या जागेपुरतं तरी घालाच.

मुरमावर सहा इंच खडीचा थर, मोठ्या खडीत बारीक खडी आणि चुरा मिसळून, तोही दाबून. हा थर झाल्यावर पृष्ठभागाला जो ढाळ असेल तोच ढाळ शेवटी वर दिसायला हवा. ढाळ वाळूने काढायचा नसतो. एका कडेला एक इंच वाळू आणि दुसऱ्या कडेला तीन इंच असं झालं, की जाड बाजूचे ब्लॉक गाडीखाली दबतात आणि दोन वर्षांत चाकांच्या चाकोऱ्या उमटतात.

ढाळ किती? ब्लॉक किंवा शहाबादीला दहा फुटांत दोन इंच धरा. खडबडीत घडीव दगड असेल तर तीन इंच, कारण त्याच्या खाचांत पाणी अडतं. दिशा नेहमी घरापासून बाहेर. फरशीची वरची पातळी जोत्याच्या वरच्या कडेपेक्षा निदान सहा इंच खाली राहिली पाहिजे. बरेच लोक पायरी एकच ठेवायची हौस म्हणून अंगण उचलून घेतात आणि मग भिंतीला ओल येते, खालून प्लास्टरचे पोपडे सुटतात. पाण्याचं शेवटचं ठिकाण आधी ठरवा. कंपाउंडच्या भिंतीला खाली भोकं आहेत का? रस्त्याकडेची गटार तुमच्या अंगणापेक्षा वर आहे का? शोषखड्डा करायचा असेल तर तो घरापासून लांब आणि काळ्या मातीच्या खाली मुरूम लागेपर्यंत खोल हवा. काळ्या मातीतच थांबलेला शोषखड्डा पावसाळ्यात हौदासारखा भरून राहतो.

जोत्याभोवतीच्या काँक्रीटच्या पट्ट्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण काळ्या मातीत हा पट्टा शोभेसाठी नसतो. पायाजवळच्या मातीतली ओल वर्षभर शक्य तितकी एकसारखी राहावी, पाऊस थेट तिथे मुरू नये, यासाठी तो असतो. वाळूवर बसवलेल्या ब्लॉकच्या सांध्यांतून पाणी खाली जातं. अंगणाच्या मधे ते चालतं, पायाला लागून नको. म्हणून जोत्यापासून अडीच-तीन फूट रुंद, चार इंच जाड काँक्रीट, आत हलकी जाळी, बाहेरच्या बाजूला ढाळ. भिंतीत सळया घालून तो घराला बांधू नका. मधे अर्ध्या इंचाची फट ठेवून ती डांबरी मसाल्याने किंवा सीलंटने भरा. पट्टा थोडा हलला तर एकटा हलेल, जोत्याला ओढणार नाही. दर सात-आठ फुटांवर आडवा सांधा ठेवा. नंतर मागच्या बाजूला शहाबादी येईल तेव्हा ती या पट्ट्यावरून घ्या, पण हे सांधे शहाबादीतही त्याच जागी यायला हवेत.

आता पेव्हर ब्लॉक. यासाठी आयएस 15658 हे भारतीय मानक आहे. त्यानुसार पायी वापराला 50 एमएम जाडी आणि एम-30 (काँक्रीटच्या ताकदीची प्रत, म्हणजे ग्रेड), हलक्या वाहनांना 60 एमएम आणि एम-35, त्यापुढे 80 एमएम आणि एम-40 अशी चढती भाजणी. तुमच्या कारला 60 चालतील. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर आत घ्यावा लागणार असेल, आणि आपल्याकडे हे आधी विचारात घ्यावं लागतंच, तर गाडीच्या जागेत 80 घाला. बोळात 60 पुरेत.

बाजारात दोन प्रकार दिसतात. रबर किंवा प्लॅस्टिकच्या साच्यात ओतलेले, चकचकीत, रंगीत, आणि मशीनवर दाबून काढलेले, थोडे खरखरीत, फिकट. दुकानात पहिला प्रकार डोळ्यांत भरतो. तो चकाकीचा थर पावसात निसरडा होतो आणि टायरखाली उतरतो. साच्यातले सगळेच वाईट असं नाही, पण आईंच्या गुडघ्यांचा विचार करता मी मशीनचे घेईन. कारखान्याचा चाचणी अहवाल मागा. मिळाला तरी घरी एक साधी परीक्षा करा. एक ब्लॉक दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवून किराणा दुकानातल्या काट्यावर तोला. मग 24 तास पाण्यात बुडवून ठेवा, बाहेर काढून फडक्याने पुसा आणि पुन्हा तोला. मानकात सरासरी पाणीशोषण 6 टक्क्यांच्या आत सांगितलंय. म्हणजे 4 किलोच्या ब्लॉकने 240 ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायलं तर त्यात सिमेंट कमी किंवा दाब कमी. उन्हात वाळवणं ही काही प्रयोगशाळा नव्हे, त्यामुळे पाच-दहा ग्रॅमवरून भांडू नका, पण 400 ग्रॅम आलं तर तो माल परत पाठवा. नव्या ब्लॉकवर पांढरी भुकटी येते, ते क्षार असतात. एक-दोन पावसाळ्यांत जातात, त्यासाठी ॲसिड वापरू नका.

बसवताना आधी कडा बांधायच्या. ब्लॉक एकमेकांना धरून ठेवतात खरे, पण कडेला धरणारं कुणी नसेल तर अख्खी फरसबंदी हळूहळू पसरते. घराकडे काँक्रीटचा पट्टा आहे, बागेकडे आणि फाटकाकडे कर्ब (कडेचे उभे काँक्रीटचे ठोकळे) लावा, आणि कर्बच्या पाठीमागे काँक्रीटचा टेकू द्या. नुसता मातीत पुरलेला कर्ब टायरच्या धक्क्याने तिरपा होतो.

मग वाळू, दाबून 30 एमएमच्या आसपास. जाडसर, धुतलेली क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घ्या. क्रशरची डस्ट स्वस्त मिळते, ठेकेदार तीच आणेल. तिच्यात पीठ जास्त असतं, ते पाणी धरून ठेवतं आणि पावसात गाडी गेली की सांध्यांतून राखाडी रबडी वर येते. जागेवर तपासायला काचेच्या बरणीत वाळू आणि पाणी हलवून तासभर ठेवा, तळच्या वाळूवर पिठाचा जाड थर बसला तर नको म्हणा. वाळू सपाट करायची पद्धत अशी: एक इंची दोन जीआय पाइप ढाळाच्या रेषेत खडीवर ठेवायचे, मधे वाळू पसरायची आणि सरळ ॲल्युमिनियमची पट्टी पाइपांवर टेकवून मागे ओढत न्यायची. पाइप अलगद उचलून त्यांची खाच थापीने भरायची. त्या वाळूवर नंतर कुणी पाय द्यायचा नाही. ब्लॉक बसवणारा बसवलेल्या ब्लॉकवर उभा राहून पुढे सरकतो.

वाळूत कोरडं सिमेंट मिसळायची एक सवय आपल्याकडे सर्रास आहे. ‘मजबूत होईल’ म्हणतात. होतं उलटं: सिमेंट जागोजागी धरतं, कुठे गठ्ठा तर कुठे मोकळं, पाणी खाली जायचं थांबतं आणि पुढे पाइपलाइनसाठी ब्लॉक काढायची वेळ आली की ते फुटूनच निघतात. वाळूवरच्या ब्लॉकचा मोठा फायदाच हा आहे की ते उचलून परत बसवता येतात. नव्या घरात दोन-तीन वर्षांत काहीतरी निघतंच. कधी बोअरची केबल, कधी गॅसची लाइन, कधी चेंबर तुंबणं. म्हणूनच बोळात ब्लॉक म्हटलं, तिथून तुमच्या सगळ्या लाइन जाणार.

गाडीच्या जागेत ब्लॉकची वीण हेरिंगबोन ठेवा, म्हणजे ब्लॉक एकमेकांना काटकोनात अडकवून नागमोडी मांडायचे. सरळ ओळींत लावलेले ब्लॉक ब्रेक आणि स्टिअरिंगच्या जोराने सरकतात. झिगझॅग आकारही चालतो, पण साधा आयताकृती ब्लॉक हेरिंगबोनमध्ये बसवलेला मला जास्त आवडतो, कडेला कापायलाही सोपा. सुरुवातीची ओळ दोरीने आणि गुण्याने काटकोनात पक्की करा. मोठ्या जागेत गुण्या अपुरा पडतो, तिथे तीन-चार-पाच फुटांचा त्रिकोण मांडून बघायचा. कडेला ब्लॉकच्या एक तृतीयांशापेक्षा लहान तुकडा येत असेल तर शेजारचा ब्लॉक कापून दोन मध्यम तुकडे करा, चिंधी तुकडे पहिल्यांदा निसटतात. सगळं मांडून झालं की प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचा, मग बारीक कोरडी वाळू झाडूने सांध्यांत भरायची, पुन्हा कॉम्पॅक्टर, पुन्हा वाळू. ही वाळू खणखणीत कोरडी लागते. वळवाच्या पावसात भिजलेली वाळू सांध्याच्या तोंडाशीच अडकते आणि आत पोकळ राहतं, म्हणून मे महिन्यात हे काम करताना वाळू ताडपत्रीखाली ठेवा. चेंबरच्या झाकणांजवळ आणि नालीजवळ ब्लॉक पाव इंच वर ठेवा, वापराने तेवढे बसतात.

दगडाच्या निवडीत मी तुमच्या मागच्या अंगणाला शहाबादी का म्हणतो? कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादचा हा चुनखडीचा दगड, तुमच्याकडे सहज मिळतो, उन्हात कडप्प्याइतका तापत नाही आणि पॉलिश न केलेली पाठ अनवाणी पायाला धरते. कोटा आणि तांदूर हे त्याच जातकुळीतले. कोटा घरात छान, पण बाहेर पॉलिश केलेला घातला की साबणाच्या पाण्यात घसरगुंडी होते. कडप्पा काळा असल्यामुळे मे महिन्यात दुपारी पाय ठेववत नाही, शिवाय त्याचे पापुद्रे सुटतात. आपला काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, टिकाऊपणात या सगळ्यांना पुरून उरतो. वाईचे किंवा मेणवलीचे घाट बघा. पण घडीव दगड जड, घडणारे पाथरवट मिळणं अवघड आणि मजुरी भारी. तुळशीपासून मागच्या दारापर्यंत एक पाऊलवाट त्याची करायची हौस असेल तर जरूर करा. जांभा कोकणात शोभतो. तुमच्याकडे तो लांबून आणावा लागेल आणि सच्छिद्र असल्यामुळे धुण्याच्या जागेला शेवाळ धरेल.

पार्किंग टाइल वाईट नसते, तिची जागा छपराखाली. खाली पक्कं काँक्रीट आणि मसाला पूर्ण भरलेला नसेल तर कोपरे पोकळ राहतात आणि टायरखाली तुटतात. मसाल्याचे पाच गोळे ठेवून वर टाइल टेकवणारे कारागीर कमी नाहीत.

शहाबादी घेताना निदान सव्वा इंच जाडीची, मागून फार खडबड नसलेली निवडा. एका टोकाला उभी धरून हातोडीच्या दांड्याने ठोका. खणखणीत आवाज यावा. भद्द आवाज आला तर आत चीर किंवा थर सुटलेला आहे. लाद्या थोड्या ओल्या करा, लपलेल्या चिरा ओल धरून काळ्या रेषेसारख्या दिसतात. एखाद्या लादीच्या कोपऱ्यावर लिंबाचा थेंब टाका, बारीक फेस येईल आणि डाग पडेल. चुनखडी आहे, तिला ॲसिड चालत नाही हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढे मिस्त्री काम संपल्यावर ॲसिडची बाटली घेऊन आला तर तुम्हीच त्याला थांबवाल. सिमेंटचे डाग ओले असतानाच पुसून घ्यायचे, हाच उपाय.

दिवाळीनंतर भराव बसलेला असेल. जिथे खचला तिथे मुरूम भरून चोपा, मग चार इंच 1:4:8 काँक्रीट (एक भाग सिमेंट, चार वाळू, आठ खडी), त्यावर दीड इंच 1:6 मसाला (एक भाग सिमेंट, सहा वाळू). लादीच्या पाठीला सिमेंटचा पातळ घोळ लावून ती बसवा आणि रबरी हातोडीने ठोका. दुसऱ्या दिवशी प्रत्येक लादीवर नाणं आपटत जा, पोकळ वाजली ती काढून परत बसवायला लावा. दोन लाद्यांत पाव ते तीन अष्टमांश इंच सांधा ठेवून 1:3 मसाल्याने दर्जा, म्हणजे या फटी, भरा. फट न सोडता एकमेकींना चिकटवून बसवलेली शहाबादी उन्हात ताणली की कडा झडतात. दहा-बारा फुटांवर आणि भिंतीलगत लवचीक सांधा सोडा. दर्जांवर आठवडाभर पाणी मारा. धुण्याच्या दगडाभोवती लाद्यांना छिन्नीने टाकी लावून घ्या, पाट्याला लावतात तशी, आईंचा पाय घसरणार नाही. आणि तिथे ढाळ दुप्पट ठेवा.

सगळं अंगण बांधून काढू नका. झाडाभोवती चार फुटांचा चौक मोकळा सोडा, कंपाउंडलगत दीड फुटाचा मातीचा पट्टा ठेवा. पण जोत्याला लागून फुलझाडं नकोत, रोज पाणी घातल्याने पट्ट्याखालची माती फुगते.

काम सुरू करण्याआधी फाटकापासून घरापर्यंत आणि बोळात आडवे चार इंची असे दोन-तीन पीव्हीसी पाइप रिकामे पुरून, तोंडं बंद करून ठेवा. उद्या दिव्यांची वायर किंवा ठिबकची नळी न्यायला उकरावं लागत नाही. त्यांची मापं जोत्यापासून मोजून वहीत लिहा आणि फोटो काढा.

दोन्ही ठेकेदारांकडून कोटेशन घेताना ‘फरशी काम, चौरस फुटाला इतके’ असा एक आकडा घेऊ नका. खोदाई आणि काळी माती बाहेर टाकणं, मुरूम किती इंच, खडी किती, वाळू कोणती, कर्ब, ब्लॉकची जाडी आणि ग्रेड, कॉम्पॅक्टरचं भाडं, हे वेगवेगळं लिहून मागा. मुरूम ब्रासमध्ये मोजला जातो, म्हणजे 100 घनफूट, आणि दाबल्यावर तो कमी भरतो, तेव्हा मोजमाप ट्रॉलीत धरायचं की दाबल्यावर हे आधीच ठरवून घ्या. पहिल्या पावसाळ्यानंतर सांध्यांत वाळू परत भरून देण्याचं आणि खचलेले ब्लॉक उचलून बसवण्याचं कलम त्यातच घाला, आणि शेवटचा हप्ता त्या कामासाठी मागे ठेवा.